मुक्कामाची परवानगी : मुलींच्या उन्हाळी शिबिरांची गोष्ट

मे महिन्यातल्या संध्याकाळी, हिंजवडीच्या वाहतुकीतून वाट काढत आपण व्याख्यानाला आलात, त्याबद्दल आधी आपले आभार. जे पुढे ध्वनिमुद्रण ऐकतील किंवा हे उतरवलेलं व्याख्यान वाचतील, त्यांनाही नमस्कार.

संयोजकांनी आम्हाला विषय दिला तो असा : उन्हाळी शिबिरांमुळे मुलींचा विकास कसा होतो? विषय हाती आल्यावर आम्ही पहिली गोष्ट केली ती म्हणजे या भागात दोन दिवस फिरलो. सोसायट्यांच्या फाटकांवर, दुकानांच्या काचांवर, विजेच्या खांबांवर उन्हाळी शिबिरांचे फलक वाचले. रोबोटिक्स, कोडिंग, वैदिक गणित, सुलेखन, स्केटिंग, अबॅकस आणि 'अग्नीविना स्वयंपाक'. वेळ सकाळी दहा ते एक. बसची सोय आहे. सीसीटीव्ही आहे. मुलांचे फोटो रोज पालकांच्या मोबाइलवर येतील, असंही एका फलकावर होतं.

यातल्या कशालाही आम्ही नावं ठेवत नाही. आईवडील दोघंही नोकरीवर, आजीआजोबा गावी, शाळेला दीड महिना सुट्टी; अशा घरात दहा ते एक कुणी मुलीला सांभाळतंय, काही शिकवतंय, हीच मोठी मदत आहे. पण एक शब्द आम्हाला एकाही फलकावर दिसला नाही. तो शब्द म्हणजे 'मुक्काम'.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे शब्द उलटून पाहायची खोड आहे. शिबिर हा जुना संस्कृत शब्द. त्याचा मूळ अर्थ सैन्याचा तळ, छावणी. चालत आलेलं सैन्य जिथे रात्रीपुरतं थांबतं ती जागा. म्हणजे शब्दातच रात्र आहे. दहाला सुरू होऊन एकला सुटतो तो वर्ग, छंदवर्ग म्हणा हवं तर. शिबिर व्हायला रात्र लागते. आजचं आमचं सगळं म्हणणं या एका रात्रीभोवती फिरणार आहे. महाराष्ट्रातल्या मुलीला घराबाहेरची, नातेवाइकांशिवायची, स्वतःच्या वळकटीवरची ती एक रात्र कधी मिळाली, कुणी मिळवून दिली, आणि ती मिळाल्याने तिच्यात काय वाढलं, हे आपण आज पाहू.

आता कुणी म्हणेल, मुली काय पूर्वी घराबाहेर राहत नव्हत्या? राहत होत्या की! मे महिन्यात मामाच्या गावाला जात होत्या. अंगणात ओळीने अंथरुणं पडत होती. मंगळागौर जागवली जात होती. खरं आहे. पण मामाचं घर हे घरच. तिथे आजी असते, मामी असते, आणि मुलगी कुणाची तरी भाची म्हणून झोपते. मंगळागौरीची रात्र तर लग्न झालेल्या मुलीची. नात्याच्या बाहेर, केवळ स्वतःच्या नावाने, मुलगी कुठे मुक्कामाला आहे असं चित्र आपल्याकडे फार उशिरा दिसायला लागलं.

पुरुषांचं काय होतं, तेही पाहू. सुट्टीचा सार्वजनिक उपयोग करायची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झाली. आज आपण इथे जमलो आहोत तेही त्याच रिवाजाचे वारसदार म्हणून. पण त्या काळात बारा-तेरा वर्षांची मुलगी उन्हाळ्यात कुठे असायची? बहुधा सासरी. वैशाख हा लग्नसराईचा महिना. मुलग्याची सुट्टी आणि मुलीचं लग्न एकाच हंगामात यायचं, ही गोष्ट आम्हाला नेहमी अस्वस्थ करते.

मुलींचं शिबिर भरवायचं तर आधी 'मुलगी' नावाचं वय अस्तित्वात असावं लागतं. बाळपण संपलंय आणि बायकोपण सुरू झालेलं नाही, अशी मधली चार-सहा वर्षं. ती आपल्याकडे आपोआप आली नाहीत. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली, तर केवढा गदारोळ झाला! १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवलं. १९४९ मध्ये ते पंधरा झालं, आणि अठरा व्हायला १९७८ उजाडलं. कायदा झाला म्हणजे लगेच पाळला गेला, असं मुळीच नाही. पण ते आकडे एकाखाली एक मांडून पाहा. मुलीच्या आयुष्यात कुणीतरी हळूहळू मोकळी जागा करतंय असं दिसेल. शाळेने ती जागा भरली, आणि शाळेच्या मागून शिबिर आलं.

पण घराबाहेरची रात्र शिबिराच्याही आधी आली. आली ती आनंदासाठी आली नाही.

पंडिता रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. तिथे राहून शिकलेल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई, बालविधवा. त्याच पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची संस्था उभी केली आणि १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावर एक झोपडी बांधून आश्रम तिथे नेला. पुण्यातलं शिकवणं आटोपून कर्वे रोज चिखल तुडवत तिथे चालत जात.

या दोन्ही ठिकाणी मुली घराबाहेर राहत होत्या, आपसांत स्वयंपाक करत होत्या, एकमेकींच्या आजारपणात जागत होत्या. पण त्यांना हे मिळालं ते का? तर घराने त्यांना आधीच बाहेर काढलं होतं म्हणून. जिचं कुंकू पुसलं गेलं, तिच्या रात्रीची मालकी सांगायला कुणी उरलं नाही. तेव्हा महाराष्ट्रातल्या मुलींचा पहिला मुक्काम हा आसऱ्याचा मुक्काम आहे. घर असलेल्या मुलीने मजेने, चार दिवसांसाठी, परत येण्याच्या बोलीवर बाहेर राहायचं, ही अगदी वेगळी गोष्ट. तिला आणखी पुष्कळ वेळ लागला.

बाहेरच्या जगातही चित्र फार निराळं नव्हतं. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात फ्रेडरिक गन नावाच्या शिक्षकाने १८६१ मध्ये शाळेतल्या मुलग्यांना चालत नेऊन तंबूत ठेवलं. तिकडच्या उन्हाळी शिबिरांचा इतिहास तिथून सांगतात. मुलींची शिबिरं तिथे रुजायला त्यानंतर चाळीसेक वर्षं जावी लागली. इंग्लंडमध्ये बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर जे शिबिर भरवलं, त्यात सगळे मुलगेच होते. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काउटांचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली स्काउटासारखा वेश करून स्वतःहून हजर झाल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं! त्यांच्यासाठी काय करायचं हा प्रश्न पडला आणि १९१० मध्ये गर्ल गाइड ही वेगळी संघटना निघाली. आपल्या देशात गाइडचं पहिलं पथक १९११ मध्ये जबलपूरला सुरू झालं. सुरुवातीला ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलींपुरतंच होतं.

इथे आमच्या विषयातला एक दाखला देतो. रूसो हा मुलांना निसर्गात वाढू द्या म्हणणारा मोठा विचारवंत. त्याचं 'एमील' १७६२ मध्ये आलं. एमीलला त्याने उघड्यावर धावू दिलं, पडू दिलं, वाट चुकू दिली. आणि पाचव्या भागात एमीलची भावी बायको सोफी येते, तिला मात्र त्याने नवऱ्याला आवडेल असं वळण लावायला सांगितलं. मेरी वोलस्टनक्राफ्टने १७९२ मध्ये त्याला चांगलं फैलावर घेतलं. आमच्या वर्गात हा भाग आला की मुली हसायच्या. त्यांच्या घरात रूसो कुणी वाचला नव्हता, पण भाऊ एमीलसारखा आणि आपण सोफीसारख्या वाढतोय हे त्यांना पाठ होतं.

आता महाराष्ट्रात परत येऊ. १९३६ च्या विजयादशमीला लक्ष्मीबाई केळकरांनी वर्ध्याला राष्ट्र सेविका समिती स्थापन केली. ४ जून १९४१ रोजी पुण्यात एस. एम. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी केली. या दोन संघटनांचे विचार एकमेकांच्या विरुद्ध टोकांचे. एकीत फक्त स्त्रिया, दुसरीत मुलगे-मुली एकत्र. एकीचा देव वेगळा, दुसरीचं गाणं वेगळं. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघींनीही मुलींना घराबाहेर काढलं, एखाद्या शाळेच्या इमारतीत किंवा माळावर मुक्कामाला ठेवलं, पहाटे उठवून कवायत करून घेतली, आपापलं ताट घासायला लावलं. आणि दोघींच्याही कार्यकर्त्या-कार्यकर्त्यांना मुलींच्या घरी जाऊन उंबरठ्यावर एकाच प्रश्नाला उत्तर द्यावं लागलं : "रात्री तिथे कोण असणार?"

विचारसरणी कुठलीही असो, त्या बापाला, त्या आजीला विचाराशी कर्तव्य नव्हतं. रात्रीशी होतं.

सेवा दलाचं थोडं अधिक सांगतो, कारण तिथे मुलींची मोठी फळी तयार झाली. मृणाल गोरे त्यातूनच पुढे आल्या. डॉक्टरीचं शिक्षण सोडून त्या पूर्णवेळ कामात उतरल्या आणि गोरेगावच्या पाण्याच्या लढ्यांमुळे 'पाणीवाली बाई' म्हणून महाराष्ट्राला माहीत झाल्या. प्रमिला दंडवते त्याच मुशीतल्या. सुधा वर्दे कलापथकात नाचल्या. कलापथक म्हणजे गावोगावचा प्रवास, रात्रीचे प्रयोग, मिळेल तिथे पथारी. १९७७ मध्ये मृणालताई आणि १९८० मध्ये प्रमिलाताई लोकसभेवर गेल्या. शिबिरामुळे त्या खासदार झाल्या, असं भाबडं विधान आम्ही करणार नाही. पण परगावी, अनोळखी माणसांत, पाठ टेकायला जागा नसताना काम करायची सवय त्यांना पहिल्यांदा कुठे लागली असेल, हे विचारायला हरकत नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारनेही हे काम हाती घेतलं. १९४९ मध्ये राष्ट्रीय छात्रसेनेत मुलींचा विभाग सुरू झाला. १९५१ मध्ये गर्ल गाइड संघटना भारत स्काउट्स आणि गाइड्समध्ये सामील झाली. आणि १६ ऑक्टोबर १९६६ रोजी आपल्या पुण्यात, आळंदी रस्त्यावर, 'संगम' उभं राहिलं. जगभरच्या गाइड मुलींसाठी जी जागतिक केंद्रं आहेत, त्यांतलं हे चौथं. आधीची स्वित्झर्लंड, लंडन आणि मेक्सिकोत; आशियातलं हे एकच. उद्घाटनाला लेडी ऑलिव्ह बेडन-पॉवेल स्वतः आल्या होत्या. देशोदेशीच्या मुली तिथे येऊन राहायच्या, अजूनही येतात. इथून ते फार तर पंचवीस किलोमीटर.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगतो. सांगायला थोडं जड जातं, पण आज ती टाळली तर हे व्याख्यान अर्धवट राहील.

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आलं आणि पाठोपाठ एकेक कारखाना उभा राहत गेला. आमचे वडील अशाच एका कारखान्यात कारकून होते. आम्ही शाळेत छात्रसेनेत होतो. आमची धाकटी बहीण तेरा वर्षांची, शाळेच्या गाइड पथकात. 'संगम' सुरू झालं त्याचं तिच्या पथकाला कोण कौतुक! पुढच्याच उन्हाळ्यात, म्हणजे मे १९६७ मध्ये, पथकाचं तीन रात्रींचं शिबिर ठरलं. त्याच महिन्यात आमचंही दहा दिवसांचं शिबिर होतं.

आमच्या कागदावर वडिलांनी उभ्याउभ्याच सही केली. कुठे, कोण बरोबर, झोपायची सोय काय, काही विचारलं नाही. आईने ट्रंकेत लाडूंचा डबा ठेवला. बहिणीचा कागद चार दिवस देव्हाऱ्याखालच्या फळीवर पडून होता. पाचव्या दिवशी वडील म्हणाले, "दिवसा जा, संध्याकाळी मी न्यायला येतो. मुक्काम नको." बाईंनी सांगितलं की असं अर्धं येता येत नाही. ती गेली नाही. तिने आदळआपट केली नाही. आमच्या गणवेशाला तिनेच इस्त्री करून दिली.

वडील वाईट नव्हते. त्यांनी तिला पुढे पदवीपर्यंत शिकवलं. त्यांना भीती होती, आणि त्या भीतीत काही चार दिवसांची अडचणही होती, जिचा उच्चार आमच्या घरात कुणी केला नसता. पण घराबाहेरची, नात्याबाहेरची तिची पहिली रात्र सासरची झाली. आणि त्या रात्रीनंतर ती घरी आली ती पाहुणी म्हणून.

बहीण आता सत्तरी ओलांडून गेली आहे. या व्याख्यानाची तयारी करताना आम्ही तिला फोन करून विचारलं, त्या शिबिराला गेली असतीस तर काय शिकली असतीस गं? ती म्हणाली, "गाठी मारायला शिकले असते. ते काय, नंतरही शिकले. पण जाऊन परत येता येतं, हे मला कळलं असतं."

मंडळी, आम्ही चाळीस वर्षं स्वातंत्र्य या संकल्पनेवर व्याख्यानं दिली. इतकी नेमकी व्याख्या आम्हाला सुचली नाही.

आपल्याकडे मुलीचं जाणं हे एकेरी असायचं. ती दिल्या घरी जायची. ओव्यांमध्ये, जात्यावरच्या गाण्यांमध्ये हे एकेरी जाणं किती भरलंय ते आपण जाणता. मुलगा जातो आणि परत येतो, शिकायला, नोकरीला, लढाईला. परत आला की घरात त्याची उंची वाढलेली असते. शिबिराने मुलीला पहिल्यांदा हे दुहेरी जाणं दिलं. गेली, चार रात्री राहिली, पाय सोलून घेऊन आली, आणि तीच आपली मुलगी होती. फक्त आता पाण्याची घागर कुणी उचलायची हे ती सांगायला लागली.

आता आमची स्वतःची चूक. बहिणीचं उदाहरण डोळ्यांदेखत असून ती झाली, म्हणून सांगतो. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी देशातल्या ३७ विद्यापीठांत सुरू झाली. पुढे आम्ही प्राध्यापक झालो आणि ऐंशीच्या दशकात आमच्या महाविद्यालयात या योजनेचं काम आमच्याकडे आलं. दरवर्षी एखाद्या खेड्यात शिबिर. आम्ही काय केलं? मुलग्यांना शाळेत मुक्कामाला ठेवलं आणि मुलींना रोज सकाळी एसटीने आणून संध्याकाळी परत पाठवलं. दोन वर्षं असं चाललं. आम्हाला ते सोयीचं होतं. आम्ही त्याला जबाबदारी म्हणत होतो.

तिसऱ्या वर्षी एका विद्यार्थिनीने बंधाऱ्यावर दगड वाहताना विचारलं, "सर, श्रमदानाला आम्ही चालतो, मग मुक्कामाला का नाही?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही काहीतरी नियमांचं बोललो. नियम तसा नव्हताच. त्या रात्री मुलग्यांची चर्चा रंगली, गावातली म्हातारी माणसं येऊन बसली, बंधाऱ्याची खरी कुळकथा, पाण्यावरून झालेली भांडणं, सगळं त्या रात्रीच बाहेर आलं. मुली तेव्हा एसटीत होत्या. दिवसभर दगड त्यांनीही वाहिले होते. बंधारा कशासाठी ते मात्र मुलग्यांनाच कळलं.

पुढच्या वर्षी एका सहकारी बाईंना बरोबर घेतलं, मुलींच्या घरी स्वतः गेलो, गावातल्या एका कुटुंबाने माडी मोकळी करून दिली. संडासाची सोय नव्हती, तर पहिल्याच दिवशी मुलींनी चर खणून तट्ट्यांचा आडोसा केला. चौदा मुली राहिल्या. विशेष काही घडलं नाही. एकीला ताप आला, दोघींचं भांडण झालं, भात करपला. आम्ही इतकी वर्षं ज्याला घाबरत होतो ते हे होतं!

आता मूळ प्रश्न. अशा मुक्कामात मुलीत नेमकं काय वाढतं? आम्ही तीन गोष्टी सांगू.

पहिली शरीराची. आयरिस मॅरियन यंग या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंनी १९८० मध्ये एक निबंध लिहिला. मुली चेंडू फेकतात तेव्हा फक्त हात वापरतात, सगळं अंग वापरत नाहीत, असं का? त्यांचं म्हणणं असं की याचं कारण हाडामासात नाही. आपल्याभोवतीची जागा आपली आहे असं मुलीला वाटूच दिलेलं नसतं. ती अंग चोरून वावरते आणि मग अंग चोरूनच फेकते. आता तीच मुलगी लोहगडाच्या पायऱ्या चढते, राहुटीचा खुंटा दगडाने ठोकते, ओल्या लाकडांची चूल फुंकून पेटवते. तीन दिवसांत तिचा पाय जमिनीवर पडायची तऱ्हा बदलते. आम्ही हे पाहिलं आहे. व्यायामाच्या तासाला हे होत नाही, कारण तास संपला की ती पुन्हा अंग आवरून बसते. शिबिरात आवरून बसायला जागाच नसते.

दुसरी गोष्ट भीतीची. शिबिरात रात्रीचा पहारा असतो. दोघी-दोघींची पाळी, हातात विजेरी आणि शिट्टी. दोन ते चारची पाळी सगळ्यात कठीण. पाचोळा वाजतो, कुत्रं भुंकतं. पहिल्या रात्री त्या सगळ्यांना उठवतात. तिसऱ्या रात्री त्यांना आवाज ओळखू येतात. भीती जात नाही, तिला तपशील मिळतो. हा कसला आवाज, हा किती लांब, आता उठवायचं की नाही. घरात मुलीला भीती ठोक मिळते, 'बाहेर वाईट असतं' एवढीच. शिबिरात ती सुटी करून पाहता येते. आणि झोपलेल्या बाराजणींची राखण आपण केली, हे सकाळी चहा पिताना तिच्या चेहऱ्यावर दिसतं. आजवर तिची राखण इतरांनी केलेली असते.

तिसरी गोष्ट मैत्रीची, आणि ती सगळ्यात कमी बोलली जाते. मुलीची मैत्री आपल्याकडे संध्याकाळी सातला संपत आली आहे. रात्री जागून, अंधारात, चेहरा न दिसता जे बोललं जातं ते उजेडात बोललं जात नाही. पाळी कशी आली, घरात काय चालतं, कुणाचा स्पर्श नकोसा वाटतो, हे एखादी मुलगी पहिल्यांदा बोलते ते बहुधा अशा रात्री. 'आपल्या एकटीचंच असं नाही' हे कळणं म्हणजे शहाणपणाची सुरुवात. अट एकच, की तिथे ऐकून घेणारी, विश्वासाची मोठी बाई हजर हवी. ती नसेल तर शिबिर भरवूच नये. कागदी परवानग्या, पडताळणी, मुलींसोबत सतत बाई, हे सगळं हवंच. रात्र सोपवायची म्हणजे वाऱ्यावर सोडायची नव्हे.

आणि आता हिंजवडी. शेतीचं हे गाव. म्हातोबाचं बगाड अजून निघतं. इथेच माहिती-तंत्रज्ञानाची नगरी उभी राहिली आणि रात्रीचा प्रश्न वेगळ्या दाराने आत आला. १९४८ च्या कारखाने कायद्याने स्त्रियांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळात कारखान्यात कामाला ठेवायला मनाई केली होती. पिंपरी-चिंचवडचे कारखाने त्याच कायद्याखाली वाढले. पाळीचा रात्रीचा भोंगा पुरुषांसाठी वाजायचा. मग संगणक आले, परदेशची घड्याळं आली, आणि मुली रात्री कामाला यायला लागल्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने, स्त्रीची संमती आणि सुरक्षिततेची सोय असेल तर रात्री साडेनऊनंतरच्या कामाला वाट करून दिली.

बघा कशी गंमत आहे. तेविसाव्या वर्षी पगारासाठी मुलीची रात्र आपण मान्य केली. तेराव्या वर्षी तिच्या स्वतःसाठी एक रात्र मागितली तर मात्र आपण बस कितीला परत येते ते विचारतो. पवनेच्या काठावर हौशी पर्यटकांचे तंबू रांगेने लागलेत, लोहगड-तिकोना तासाभरावर आहेत, सह्याद्री असा दारात आहे. आणि आपल्या मुली वातानुकूलित खोलीत अग्नीविना स्वयंपाक शिकतायत. त्यांच्या आज्यांनी आगीजवळ जन्म घालवला, ते काही सुख नव्हतं. पण माळावर मैत्रिणींबरोबर स्वतः पेटवलेली चूल ही वेगळी आग आहे.

अजून एक सांगून थांबतो. परवा फिरताना एका बांधकामाशेजारी आम्हाला पत्र्याच्या खोल्यांची लांब रांग दिसली. पहारेकऱ्याला विचारलं, हे काय? तो म्हणाला, "लेबर कॅम्प." तिथे नऊ-दहा वर्षांची एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन नळाला उभी होती. समोरच्या फाटकावर 'समर कॅम्प'चा फलक, अलीकडे हा कॅम्प. एकच शब्द, मधे वीस फुटांचा रस्ता. ही मुलगी बारा महिने शिबिरात आहे. चूल पेटवणं, पाणी भरणं, रात्री दचकून उठणं, सगळं तिला येतं. तिला मिळत नाही ती सुट्टी. कडेवरचं मूल दोन दिवस कुणी तरी सांभाळेल आणि ती फक्त मुलगी म्हणून कुठे तरी जाईल, हसेल, परत येईल, हे तिच्या वाट्याला नाही. पहिल्या मुलीला घरापासून थोडं दूर जायचंय, या दुसरीला आधी घर हवंय. रमाबाईंच्या आणि कर्व्यांच्या काळातली ती आसऱ्याची रात्र अजून संपलेली नाही, ती रस्त्याच्या पलीकडे सरकली आहे.

आमचं मागणं लहान आहे. इथल्या सोसायट्यांनी पुढच्या मे महिन्यात दहा दिवसांच्या छंदवर्गाला जोडून दोनच रात्री काढाव्यात. विश्वासाच्या बायका बरोबर, माहितीची जागा, मोबाइल बंद. आणि त्यात या पत्र्याच्या खोल्यांमधल्या, आपल्या घरी कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलींनाही बरोबरीने न्यावं. त्यांच्या आईवडिलांकडे परवानगी मागायला तुम्ही स्वतः जा. तेही विचारतील, "रात्री तिथे कोण असणार?" त्या वेळी तुम्हाला तुमच्या आज्यांचा आवाज ऐकू येईल.

बहिणीला आम्ही या व्याख्यानाचं सांगितलं, तेव्हा तिने विचारलं की मोठ्या बायकांसाठी असं शिबिर असतं का. आम्ही म्हटलं, चौकशी करतो. मग आठवलं, चौकशी करायची, परवानगी आणायची, हे पुन्हा आम्हीच कशाला? नंबर तिच्याकडे दिला. काल तिचा फोन आला. नोव्हेंबरात जातेय म्हणाली, तीन रात्री.